नैराश्यावर गोळी की समुपदेशन?

‘एकदा गोळी सुरू झाली की आयुष्यभर सुटत नाही,’ या भीतीने नैराश्याचे अनेक रुग्ण उपचारच टाळतात. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. मात्र गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही किमान सहा महिने त्या घ्याव्या लागतात. एकदम थांबवल्यास चक्कर, बेचैनी होते. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात.

सौम्य नैराश्यात समुपदेशन व नियमित व्यायाम बहुधा पुरतो. आजार तीव्र असेल तर गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही हवे. रिसोडसारख्या तालुक्यात अडचण इथेच येते: गोळी मिळते, पण समुपदेशक कुठून आणायचा?

याचे उत्तर गोव्यात सापडले. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी सहा ते आठ बैठकांत समुपदेशन केले. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून सावरले, नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ३९ टक्के होते. सोयाबीनच्या नापिकीने खचलेल्या शेतकऱ्यालाही असा माणूस गावाजवळच मिळायला हवा.

तोवर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. आत्महत्येचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.