अवजाराचा घसारा धरता, पाठीचा का नाही?



कापूस-ज्वारीचा उत्पादन खर्च काढताना कृषिमूल्य आयोग बियाणे, खत, बैलजोडी, मजुरी धरतो. वखर-डवऱ्याचा घसाराही धरतो. लोखंड झिजते हे सरकारला मान्य आहे. वखर धरणाऱ्याची कंबर झिजते, त्याला मात्र रकाना नाही. घरच्या माणसांची मजुरी लावली की हिशेब संपला! त्या मजुरीत गुडघ्याचा इलाज कुठे बसतो?

निंदणाला बाई दिवसभर उकिडवी सरकते. वेचणीला कमरेला ओटी बांधून वाकते. ओटी भरेल तसे ओझे वाढते. फवारणीचा १६ लिटरचा पंप म्हणजे नुसते पाणीच १६ किलो. ज्वारी कापायला पुन्हा वाकणे. चाळिशीत पाठ धरली की लोक म्हणतात, वय झाले. वयाचा वाटा असेल. हंगामांचा वाटा कोण मोजणार?

इलाज काय मिळतो? बाजाराच्या दिवशी एक सुई आणि पुडीतल्या गोळ्या. पुडीत काय आहे, कोणी सांगत नाही. दुखणे दाबणाऱ्या गोळ्या रोज खाल्ल्या तर पोटात जखमा होतात, मूत्रपिंड बिघडते. उन्हात तहानलेले राबणाऱ्याला धोका जास्त. स्टेरॉइड महिनोन्महिने घेतले तर हाडेच ठिसूळ होतात.

दुसरा सल्ला, खाटेवर पडून राहा. तोही खोटा. जुन्या कंबरदुखीत पडून राहिल्याने स्नायू आणखी दुबळे होतात. रोज चालावे, हळूहळू वाढवावे. कमरेचे-पोटाचे व्यायाम शिकून घ्यावेत. तासभर निंदण झाले की उभ्याचे काम घ्यावे. दुखणे समूळ जाईलच असे नाही. आपले माप वेगळे आहे: पाण्याची घागर उचलता येते का, रात्री झोप लागते का, उद्या वावरात जाता येते का? मात्र पाय बधिर पडला, लघवीवरचा ताबा गेला किंवा पाठदुखीबरोबर ताप आला, तर तडक मोठा दवाखाना गाठावा.

पण खुरप्याची मूठ वीतभरच राहिली तर दुखणे परत येणारच. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या भाजीपाल्याच्या शेतांत मजुरांना आखूड दांड्याची कुदळ देत. मालक म्हणत, लांब दांड्याने पीक बिघडेल. मजुरांचे पुढारी सीझर चावेझ यांची स्वतःची पाठ त्याच कामाने गेली होती. मजूर कोर्टात गेले. १९७५ साली तिथल्या वरिष्ठ कोर्टाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि ती कुदळ बंद झाली. शेती काही बुडाली नाही.

तिथे मालक वेगळा, मजूर वेगळा. आमच्याकडे बहुतेक घरांत दोन्ही आम्हीच. म्हणून सरकारला जाब विचारताना स्वतःलाही विचारू: घरच्या लक्ष्मीच्या आणि रोजाने आलेल्या बाईच्या हाती आपण काय देतो? हलक्या रानात, वाफसा असताना, उभ्याने चालणारे सायकल कोळपे निम्मे वाकणे वाचवते. ते आधी आणू.

आम्ही शेतकी शिकलो. तिथे पऱ्हाटीची उंची मोजायला शिकवले, पऱ्हाटीशी वाकलेल्या बाईची नाही. आता कृषी विद्यापीठांनी तिच्या उंचीची अवजारे द्यावीत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट ठरल्या दिवशी हजर असावा. आणि उत्पादन खर्चात पाठीचाही घसारा धरावा.

जिल्हा बैठकीत हे तीन ठराव मांडू. घामाचे दाम मागत आलो. आता झिजल्या हाडांचेही मागू. ती भीक नव्हे, थकलेली बाकी आहे.