जोडघराची फक्की मारण्याआधी



ऊसबिल खात्यावर जमा झाले की आपल्याकडे दोन कामे निघतात, लग्न नाहीतर घर. लग्नाविषयी आम्ही बोलणार नाही. घराविषयी मात्र दोन शब्द बोलतो. आम्ही इंजिनिअर नव्हे. पण ऊसनोंदीला गावोगाव फिरताना नवी घरे आतून पाहतो.

परवा पाथरी तालुक्यात दोघा सभासद भावांच्या जोडघराची फक्की मारलेली पाहिली. मधली भिंत सामाईक, दोन्हीकडे सारखी घरे. विचार चांगला. एका भिंतीचा खर्च वाचतो, भाऊही जवळ राहतात. पण बैठक चौदा बाय सोळाची, आणि स्वयंपाकघर आठ बाय आठचे, मधल्या भिंतीला चिकटून, मागे न्हाणीघर. म्हणजे खिडकीला जागाच नाही. थोरल्या वहिनींना विचारले, "पसंत आहे का?" त्या म्हणाल्या, "आम्हाला कोण इचारतंय, सायेब?"

आमचे म्हणणे इथेच आहे. पाहुणा बैठकीत तासभर बसतो, घरची बाई चुलीपुढे निम्मा दिवस उभी असते. 2016 पासूनच्या सरकारी घरकुल योजनेत किमान 25 चौरस मीटरचे घर धरले आहे, त्यातसुद्धा स्वच्छ स्वयंपाकाची जागा मोजली आहे. मग आपल्या मोठ्या घरात ती का नसावी?

जोडघराला तीनच बाजू मोकळ्या. म्हणून ज्याला उजेड कमी चालतो ते मधल्या भिंतीकडे घ्यावे: जिना, धान्याची कोठी, कपाटे. स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या बाहेरच्या अंगाला. दुसरे, नकाशा नुसता उलटवून भागत नाही. घराचे तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल, तर एका भावाची बाहेरची भिंत पूर्वेला येते, दुसऱ्याची पश्चिमेला. परभणीचा मे महिना आपण जाणतोच. पश्चिमेकडच्या भावाने त्या अंगाला ओसरी, न्हाणीघर घ्यावे, झोपायची खोली नको.

तिसरी गोष्ट काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत न्यावा. एक भाऊ आज आणि दुसरा दोन वर्षांनी बांधणार असेल, तरी काय करावे हे इंजिनिअरला आधीच विचारावे, नाहीतर जोडावर तडा ठरलेला. न्हाणीचे पाणी पायाशी मुरू न देता दूर परसबागेत काढावे. मधल्या भिंतीचा हक्क आणि पुढचा वरचा मजला, हे आजच कागदावर लिहून ठेवावे. भाऊ चांगले असतात, बंधू, पण पुढे पोरे येतात.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर सरकारने जमीनधारणेप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे दिली. निवारा मिळाला; पण शेतकऱ्याला अंगण, ओसरी, जनावरांना आडोसा लागतो, म्हणून पुष्कळांनी पुढे पदरचे पैसे घालून तो जोडला. तिथे नकाशा सरकारचा होता. आपला तर आपल्याच हातात आहे.

सरी पाडण्याआधी आपण उतार पाहतो, पट्टा सोडतो, कारण उसाला हवा-उजेड लागतो. माणसाला नको का?

ते दोघे भाऊ "विचार करतो" म्हणाले. फक्की पुसायला पाच मिनिटे लागतात. भिंत उठल्यावर मात्र पुढचे ऊसबिल लागेल. तेव्हा आधी घरात विचारा.

— ऊसविकास अधिकारी