अखंड बंदोबस्त आणि पोलिसांचे हृदय

अनंत चतुर्दशीच्या सकाळी गिरगाव चौपाटीवर हजेरी दिलेले कित्येक पोलीस दुसऱ्या दिवशी अखेरच्या मूर्तीचे विसर्जन होईपर्यंत तेथेच तिष्ठत असतात, आणि त्या अवधीत हाती पडेल त्या वडापावावर व चहावर त्यांची गुजराण होते, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की त्या देहांवर काय गुदरत असेल, हा प्रश्नच आपल्याला पडत नाही.

१९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या २८ व्या कलमाने पोलीस सदैव कामावर असल्याचे मानले आहे. संकटसमयी बोलावणे आल्यास त्याने रजेची सबब सांगू नये, एवढाच माझ्या मते या तरतुदीचा वाजवी अर्थ. परंतु वहिवाटीने तिला अमर्याद राबवणुकीची सनद करून टाकले. ‘कॉमन कॉज’ व ‘लोकनीती’ यांच्या २०१९ च्या अहवालानुसार आपल्या देशातील पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतो. म्हणजे साप्ताहिक सुट्टी मिळाली तरी आठवड्याचे ८४ तास झाले. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

त्यात पोलिसांच्या कामाचे स्वरूपच हृदयाला प्रतिकूल आहे. रात्रीच्या निद्रेत स्वभावतः उतरणारा रक्तदाब गस्तीच्या जागरणात उतरत नाही; तासन्‌तास ठाण्यात बसलेल्या वा नाकाबंदीवर उभ्या असलेल्या माणसाला क्षणार्धात धावावे, झटापट करावी लागते, आणि आधीच अरुंद झालेल्या रोहिणीवर त्या आकस्मिक उद्दीपनाचा आघात होतो. अमेरिकेत १९८४ ते २०१० या काळातील ४४१ पोलिसांच्या आकस्मिक हृदयमृत्यूंचा जो अभ्यास झाला, त्यात आरोपीला आवरताना वा झटापटीत हा धोका नित्याच्या कामाच्या मानाने ३४ ते ६९ पट आढळला. अशी झटापट टाळणे पोलिसाच्या हाती नसते. तिच्यापूर्वी त्याला पुरेशी झोप मिळू देणे मात्र सर्वस्वी सरकारच्या हाती आहे.

म्हणूनच आरोग्य शिबिरे भरवून आणि तेल-मीठ कमी खाण्याचा उपदेश करून खात्याने आपली जबाबदारी संपली असे समजू नये. जेवणाची वेळच ज्याच्या स्वाधीन नाही, त्याने पथ्य पाळावे तरी कसे? मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, आणि तो एका शिपायाच्याच सूचनेतून आला होता, ही बाब मला विशेष मोलाची वाटते. मनुष्यबळ अपुरे आहे हा आक्षेप खोटा नाही. पण रिक्त पदांचा भार हजर असलेल्यांच्या शरीरावर टाकणे हा त्यावरचा न्याय्य तोडगा नव्हे. ती पदे भरेपर्यंत निदान एवढे तरी व्हावे: प्रत्येकाच्या कामाचे खरे तास ठाण्याच्या दप्तरी नोंदले जावेत, मोठ्या बंदोबस्तानंतर सक्तीची विश्रांती मिळावी, आणि चाळिशी उलटलेल्याच्या तपासणीत दोष आढळल्यास त्याची रात्रपाळी वैद्यकीय सल्ल्यानेच ठरावी.