दंड कंपनीच्या गाडीला, कात्री चालकाच्या पगाराला

रस्त्यावर पोलीस गाडी अडवतो, तेव्हा निदान तो माणसाशी बोलतो. थोडे कन्नड, थोडे मराठी, मध्ये हिंदीचे ठिगळ, असे करून का होईना, चालकाला आपला गुन्हा समजतो आणि आपली बाजूही मांडता येते. खांबावरच्या कॅमेऱ्याचे तसे नाही. तो गाडीचा नंबर टिपतो, नंबरावरून मालकाचे नाव निघते आणि नोटीस मालकाच्या पत्त्यावर जाते. कॅमेरा चिरीमिरी मागत नाही, ओळखीच्याला सोडत नाही, ही त्याची जमेची बाजू आम्हाला मान्य आहे. भरधाव गाडी हाकणाऱ्याची तरफदारी आम्हाला करायची नाही. प्रश्न आहे तो, गाडी एकाची, हाकणारा दुसरा आणि कागद हाकणाऱ्याला न वाचता येणाऱ्या भाषेत, असे झाल्यावर काय होते याचा.

बेळगाव व खानापूर तालुक्यांतील कितीतरी तरुण आज शेती सांभाळून उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा येथील कारखान्यांच्या गाड्यांवर चालक आहेत. कोणी फौंड्रीचा माल कोल्हापूर-पुण्याला नेतो, कोणी चोर्ला घाटातून गोव्याला भाजी पोहोचवतो, कोणी पाळीचे कामगार ने-आण करतो. बहुतेकांचे शिक्षण मराठी शाळेत झालेले. कन्नड हा विषय त्यांना होता, बाजारापुरते कन्नड ते बोलतातही. पण पाठ्यपुस्तकातला धडा वाचणे वेगळे आणि कलमे घातलेले कार्यालयीन कन्नड वाचणे वेगळे. (सरकारी मराठी तरी मराठी माणसाला कुठे धड समजते!)

मध्यंतरी आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी असाच एक कागद घेऊन आला. एका कारखान्याच्या मालवाहू गाडीवर तो चालक आहे. कारकुनाने त्याला सांगितले होते, ‘कॅमेऱ्यात सापडलास, दंड पगारातून वळता केला आहे.’ त्याची समजूत अशी की आपण वेगात होतो. तसा आपण वेगात नव्हतो, हेही तो शपथेवर सांगत होता, पण ऐकणार कोण? आमच्या शाळेतील कन्नडच्या शिक्षकांनी नोटीस वाचली. वेगाचा त्यात शब्द नव्हता. गाडीची नंबरप्लेट नियमाप्रमाणे नाही, एवढाच आक्षेप होता. नंबरप्लेट बसवून घेणे हे काम कंपनीचे. दंड मात्र भरला चालकाने, आणि वर ‘बेफिकीर चालक’ हा शिक्काही त्याच्याच कपाळी. तारीख, रक्कम, गाडीचा नंबर हे आकडे त्याला वाचता येत होते. ज्या दोन ओळींवर त्याचा पगार अवलंबून होता, नेमक्या त्याच त्याला वाचता आल्या नाहीत.

प्रत्येक दंड चालकाचाच असतो, ही समजूत कंपन्यांनी सोयीने रूढ केली आहे. पट्टा न लावणे, हातात फोन धरून गाडी चालवणे हे उघडच चालकाचे दोष होत, आणि त्याची भरपाई त्याने करावी. परंतु विमा संपलेला असणे, योग्यता प्रमाणपत्राची मुदत टळलेली असणे, नंबरप्लेट सदोष असणे या गोष्टी मालकाच्या. जादा माल भरल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये असा जबर दंड आला; तो गाडी हाकणाऱ्याइतकाच ती तशी हाकायला लावणाऱ्यालाही लागू आहे. वेगाचेही तेच. हलक्या वाहनास १,००० ते २,००० आणि मध्यम व अवजड वाहनास २,००० ते ४,००० रुपये दंड सांगणारे १८३ वे कलम, आपल्या नोकराला वेगमर्यादा ओलांडायला लावणाऱ्या मालकालाही पकडते. ‘दोन तासांत कोल्हापूर गाठ, नाहीतर खाडा मांडतो’ असे फोनवरून बजावणाऱ्या मॅनेजरने हे कलम जरूर वाचावे.

त्याच कायद्याच्या १३३ व्या कलमाप्रमाणे पोलिसांनी विचारल्यास गाडी त्या वेळी कोण चालवत होते, हे मालकाने सांगायचे असते. म्हणजे कोणत्या दिवशी कोण गाडीवर होता याची नोंद कंपनीजवळ असायलाच हवी. जेथे एका गाडीवर पाळीपाळीने तिघे चालक असतात, तेथे वहीच नसेल तर जो समोर सापडेल त्याच्या पगाराला कात्री लागते. १९३६ चा वेतन कायदा आणि त्याच्या जागी आलेली २०१९ ची वेतन संहिता, दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: कामगाराच्या चुकीने नुकसान झाले म्हणून कपात करायची, तर आधी त्याला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. नोटीस काय म्हणते हेच ज्याला ठाऊक नाही, तो म्हणणे काय मांडणार?

येथे भाषेचा प्रश्न थेट पोटाच्या प्रश्नाला येऊन मिळतो. मराठी परिपत्रकांची मागणी म्हणजे भावनेचे राजकारण, असे म्हणणाऱ्यांनी तो नंबरप्लेटचा कागद पाहावा. राज्य पुनर्रचनेच्या वेळी १९५६ मध्ये केंद्राने संसदेपुढे ठेवलेले निवेदन आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून भाषिक अल्पसंख्याकांची जी संरक्षणे ठरली, त्यांत जेथे अल्पसंख्याकांची भाषा १५ टक्के लोक बोलतात तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असे आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यातील मराठी भाषिक या रेषेच्या वर आहेत. खानापूर तालुक्यात व बेळगावच्या पश्चिम भागात तर कितीतरी वर. एकेका गाडीची नोटीस म्हणजे सार्वजनिक सूचना नव्हे, असा मुद्दा अधिकारी काढतील. पण ही नोटीस कोणी हाताने लिहीत नाही. यंत्रातला साचा एकच असतो. बदलतात ते नंबर, तारीख, ठिकाण आणि कलम. कलमांची यादी एकदा मराठीत करून मागच्या बाजूला छापली की काम झाले. त्याने कन्नडचा मान तसूभरही कमी होत नाही. जत, अक्कलकोटच्या कन्नड भाषिक चालकाला महाराष्ट्रात हीच अडचण येत असेल, तर त्याची मागणीही आम्ही इतकीच रास्त मानू.

पाट्यांचा प्रश्न आमच्या मोर्चात दरवेळी निघतो आणि निघालाच पाहिजे. त्याच्या जोडीला या कागदांची मागणी निवेदनात यावी, यासाठी समितीच्या बैठकीत आम्ही आग्रह धरणार आहोत. तोवर चालकांनी हात बांधून बसू नये. कपात होण्यापूर्वी नोटिशीची प्रत मागावी. नुसता फोनवरचा संदेश दाखवला, तर पूर्ण नोटीस आणि छायाचित्र मागावे. केंद्राने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जो १६७ अ हा नियम आणला, त्यात छायाचित्र, दिवस, वेळ, ठिकाण, मोडलेले कलम हे सारे नोटिशीत असावे आणि गुन्ह्यापासून १५ दिवसांत ती धाडावी, असे घातले आहे. प्रत गावातल्या कन्नड जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावी. प्रत्येक गावात असा एखादा शिक्षक, एखादी कॉलेजात जाणारी मुलगी असतेच. ‘दंड पगारातून कापण्यास हरकत नाही’ अशा छापील कागदावर आधीच सही देऊन ठेवू नये. स्वतःजवळ पन्नास पानी वही ठेवून गाडी ताब्यात घेतल्याची आणि सोडल्याची वेळ रोज लिहावी. कर्नाटकात २०२३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये थकलेल्या दंडावर निम्मी सवलत मिळाली होती. ती कंपनीने घेतली असेल आणि चालकाकडून मात्र पूर्ण रक्कम वळती केली असेल, तर भरल्याची पावती पाहण्याचा आग्रह धरावा.

दंड चुकीचा वाटल्यास अर्ज करावा, आणि तो मराठीत करावा. गाऱ्हाणे मांडण्यासाठी केंद्रात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज देण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. ‘कन्नडमध्ये लिहून आणा’ असे खिडकीवर सांगितले, तर वाद घालत बसण्यापेक्षा अर्जात या कलमाचा उल्लेख करावा आणि पोच मागावी. पोच दिली नाही, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती वहीला टाचून ठेवावी.