मोठ्या गळ्याचा मोह

शनी अमावास्येला घोडेगावहून शनिशिंगणापूरकडे वळणाऱ्या वाहनांच्या रांगेत एखादी प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर दिसली, की तिच्या मालकाविषयी प्रथम आदर वाटतो आणि पाठोपाठ शंका येते. कारण मूळचा कार्बोरेटर उतरवून त्या जागी मोठ्या गळ्याचा वेबर चढविण्याची जी टूम जुन्या गाड्यांच्या शौकिनांत निघाली आहे, तिची बाधा या गृहस्थांनाही झालेली नसेलच, असे छातीठोकपणे सांगवत नाही.

पद्मिनीचे इंजिन 1089 सीसीचे. मिनिटाला 4800 फेऱ्यांवर ते फार तर 2600 लिटर हवा ओढील, आणि व्यवहारात त्याच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास. या बेताच्या श्वासासाठी भलताच रुंद गळा दिला, तर हवेचा वेग मंदावतो, जेटमधून पेट्रोल खेचून घेणारी ओढ क्षीण होते, आणि तुषार होण्याऐवजी पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंती भिजवीत बसते. मग चढावर गाडी गचके खाते, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज बसते, आणि मालक मात्र आवाज वाढला म्हणून शक्ती वाढली असे मानून संतुष्ट राहतो. दोष वेबरचा नव्हे. त्याच्या कित्येक नमुन्यांत गळ्याची नळी बदलण्याची उत्तम तजवीज असते. ती बदलण्याची तसदी कोणी घेत नाही, एवढेच. माझे मत विचाराल, तर पद्मिनीला तिचा एकेरी सोलेक्सच स्वच्छ करून ठेवावा. आणि 1489 सीसीच्या ॲम्बॅसडरला एसयूसारखा दुसरा सोबती नाही, कारण त्यातील दट्ट्या हवेच्या मागणीप्रमाणे वरखाली होऊन गळा गरजेपुरताच उघडतो व निमुळती सुई पेट्रोलचे प्रमाण राखते.

परंतु आज निवडीचा खरा निकष गळा नसून इंधन आहे. शिंगणापूरच्या शेजारी, सोनईला, मुळा सहकारी साखर कारखाना आहे. या ऊसपट्ट्याला ज्या इथेनॉलचा भाव ठाऊक आहे, ते आता पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळलेले असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने 14.7 भाग हवा लागते, या मिश्रणास सुमारे 13.5, म्हणजे जुन्याच जेटवर इंजिन उपाशी आणि तापट चालते. मुख्य जेटवर 130 हा आकडा असेल, तर 135 च्या आसपासचा जेट घालून पाहावा, आणि इथेनॉलने फुगणारे जुने रबरी पाइप व डायफ्रॅम बदलावेत. हजारो रुपयांच्या विलायती कार्बोरेटरआधी हा किरकोळ खर्च करण्यास कोणाची हरकत असावी?

एअर फिल्टर काढून शक्ती मिळविण्याचा उद्योग तर या मुलखात शुद्ध अविचारच. शिंगणापूरच्या घरांना दारे नसली तरी चालते, तेथे देवाची राखण आहे; उसाच्या ट्रॅक्टरांनी उडविलेल्या धुळीपासून सिलिंडरची राखण करण्याचा पत्कर शनिदेवाने घेतलेला नाही.

जेट बदलल्यावर गाडी पीयूसी केंद्रावर न्यावी. 2000 सालापूर्वीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मुभा 3 टक्क्यांपर्यंत आहे. दाखला घडी करून खिशात टाकण्यापूर्वी त्यावरील आकडा मिस्त्रींना दाखवावा, म्हणजे स्लोचा स्क्रू कोणीकडे फिरवावा हे त्यांना कानाने ताडत बसावे लागणार नाही.