तपासणीची खोली मंडळीच्या आवारात



लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय आपल्यापैकी पुष्कळ जण भराभर वाचून पुढे जातात. डाग, सूज, पांढरे झालेले केस, हाच सगळा विषय. पण सावकाश वाचला तर दिसतं की तिथे याजक एकच काम करतो, तो बघतो. खात्री नसेल तर सात दिवस थांबतो आणि पुन्हा बघतो, गरज पडली तर आणखी सात दिवस. औषध देणं त्याच्याकडे नाही. नेमकं काय आहे ते सांगणं आहे. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावरही त्याला याजकाकडेच दाखवायला पाठवलं. त्यामुळे रक्ततपासणी हे दवाखान्याचं काम, मंडळीचं काम प्रार्थना, असं कुणी म्हटलं की आम्हाला हा अध्याय आठवतो.

हे लिहितोय ते सुरतेतल्या आपल्या लोकांकडे बघून. उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या भागांत राहणारी आपली बरीच कुटुंबं खानदेशातून आलेली आहेत, आणि त्यांत नवापूर-नंदुरबारकडची मावची, गावित, भिल्ल कुटुंबंही आहेत. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लाइनवरचं नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. आपली घरंही तशीच विभागलेली. बाप सुरतेत लूमवर, आजी गावाकडे, मुलाचे दवाखान्याचे कागद कधी इकडे तर कधी तिकडे.

याच घरांमध्ये सिकलसेल आहे. आपण त्याविषयी फार कमी बोलतो. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, सांधे आणि हाडं असह्य दुखतात, रक्त कमी होतं, डोळे पिवळे दिसतात. घरचे म्हणतात वात आहे, अशक्तपणा आहे. कुणी म्हणतं बाधा आहे. पाळकसाहेबांकडून प्रार्थना करून घेतात, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. उष्णता, अंगातलं पाणी कमी होणं, अति श्रम यांनी हे दुखणं उसळतं, आणि आपली मुलं कामाला जातात ती डाइंगच्या मिलमध्ये, जिथे वाफेने अंग भिजतं. पोराच्या रक्तात काय आहे हे माहीत असतं तर बापाने त्याला त्या खात्यात लावलं असतं का?

प्राथमिक तपासणी अगदी साधी आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन द्रावणात टाकतात. ते गढूळ झालं तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे असा संशय. मग मोठ्या यंत्रावर पक्कं कळतं की माणूस फक्त वाहक आहे की त्याला आजार आहे. हा फरक फार मोठा. वाहक साधारणपणे निरोगी आयुष्य जगतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. गुजरात सरकारने दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात ही तपासणी २००६ पासून हाती घेतली, आणि जुलै २०२३ मध्ये देशपातळीवरचं अभियान सुरू झालं, ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांना तपासण्यासाठी. म्हणजे सोय नाही असं नाही. पण बारा तासांची पाळी करणारा माणूस सिव्हिलला किंवा स्मीमेरला जाऊन रांगेत उभा राहिला की त्याची हजेरी बुडते, आणि रिपोर्ट आणायला पुन्हा जावं लागतं ते वेगळंच. दुखणं नसताना तर कुणीच जात नाही. मार्काच्या पाचव्या अध्यायातली ती स्त्री बारा वर्षं वैद्यांमागे फिरून जवळचं सगळं खर्चून बसली होती. आपल्या वस्तीत अशा बायका आजही आहेत, आणि त्यांतल्या कितींना आपल्या दुखण्याचं नाव तरी कुणी सांगितलंय?

नाव न कळण्याची भीती सुरतेइतकी कुणाला ठाऊक असेल! सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली, आणि तो खरोखर प्लेगच होता का यावर पुढे कितीतरी महिने तज्ज्ञांत वाद चालला. नंतर पालिकेने स्वच्छतेचं आणि रोगावर नजर ठेवण्याचं काम वॉर्डावॉर्डात नेलं, म्हणून शहर सावरलं. ते काम घराजवळ आलं, हे आम्हाला त्यातलं मोलाचं वाटतं.

मंडळीत काही जणांचं म्हणणं आहे की वर्गणी काढून आपलं स्वतःचं डायग्नोस्टिक सेंटर उभारावं, सोनोग्राफी मशीनसकट. उत्साह चांगला आहे, पण आम्हाला हे पटत नाही. मशीन घेतली की तज्ज्ञ हवा, परवाना हवा, दुरुस्ती हवी, आणि ती चालवण्यासाठी पेशंट हवेत. मग गरिबाची पावती हळूहळू वाढत जाते. आपल्याकडे जे आहे ते द्यावं. रविवारी आराधनेनंतर संडे स्कूलची खोली रिकामी असते. पालिकेच्या हेल्थ सेंटरला विनंती करून तिथे महिन्यातून एकदा रक्ताचे नमुने घेता येतील, सिकलसेलसाठी, हिमोग्लोबिनसाठी, साखरेसाठी. खोकला हटत नसेल त्याच्या थुंकीची डबी पाठवता येईल. गावाकडच्या नातेवाइकांसाठी नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आहेच.

मात्र एका गोष्टीवर आम्ही हटून बसणार आहोत. कुणाचा रिपोर्ट काय आला हे मंडळीत फुटता कामा नये. आपण प्रार्थनेचे विषय म्हणून दुसऱ्यांची दुखणी किती सहज बोलून टाकतो, हे आपल्याला माहीत आहे. मुलगी वाहक आहे एवढं कळलं की स्थळं फिरतात, आणि मुलाचा रिपोर्ट कुणी मागतही नाही. म्हणून तपासणी लग्न ठरताना नको, आधी, तरुण संघात, मुलगे आणि मुली दोघांचीही, आणि पहिली सुई मुलग्यांना. लग्नाची सूचना मंडळीत वाचण्याची वेळ आली की फार उशीर झालेला असतो; तेव्हा कळलेलं सत्य माणसं लपवतात.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभूने दोघांनाही त्यातून मोकळं केलं. सिकलसेल हा कुणाचा शाप नाही. उलट, वाहक माणसाला तीव्र मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणूनच मलेरियाच्या प्रदेशांत हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. ही गोष्ट संडे स्कूलमध्ये शिकवायला हवी असं आम्हाला वाटतं.

खोलीला पडदा लागेल, एक टेबल, दोन खुर्च्या, कुलपाची पेटी. ते जमेल. अवघड आहे ते सोमवारचं. ज्याचा रिपोर्ट संशयाचा येईल त्याच्याबरोबर सकाळी सातला रिक्षात बसून सिव्हिलला जाणारी, खिडकीवर केसपेपर काढून देणारी, तोंड बंद ठेवणारी चार माणसं हवीत. महिला मंडळातून दोघींनी नावं दिली आहेत. पुरुषांकडून अजून एकही आलेलं नाही.