हौस एकाची, उस्तवार दुसऱ्याची

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. लग्नाच्या मांडवापासून नाटकाच्या तालमीपर्यंत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, ते खरे की खोटे याचा विचार करावा असे कधी वाटलेच नाही. पुढे सुटीत चोर्ला घाट उतरून गोव्याला आजोळी जाऊन राहू लागलो. दोन घरांतल्या नवरा-बायकोचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस जवळून पाहिला आणि ध्यानात आले की, हौसेला चांगलेच मोल असते. मात्र ज्याची हौस असते, तोच ते मोजतो असे नाही.

पहिले घर डिचोली तालुक्यातले, मामाचे. डिचोली हा खाणींचा तालुका. मामाचा एक ट्रक खाणीवर लागलेला असे. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, मध्यंतरी काही सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात उभा राहिला आणि मामा सोप्यावर बसला. वीस वर्षे रस्त्यावर धावलेला माणूस एकदम रिकामा झाला म्हणजे त्याचे काय होते, हे त्या भागातल्या पुष्कळ घरांनी पाहिले आहे. मामाचे नशीब बरे. त्याला छंद लागले. आधी एक कुत्रा आला, मग त्याला सोबत म्हणून दुसरा आला. रंगीत माशांची काचेची पेटी आली. माळ्यावर धूळ खात पडलेली आजोबांची बाजाची पेटी खाली उतरली आणि दर गुरुवारी भजनाची मंडळी जमू लागली. उरलेल्या संध्याकाळी गरी घेऊन नदीवर जाणे होतेच. छंदांनी मामाला तारले, असे सगळे म्हणतात आणि ते खोटे नाही. मीही तसेच म्हणत असे.

एका मे महिन्यात मात्र सलग पंधरा दिवस तिथे राहिलो आणि मामाचे छंद मामीच्या बाजूने पाहायला मिळाले. मामी पहाटे पाचला उठते. माणसांची पेज चुलीवर चढायच्या आधी कुत्र्यांचा भात चढतो. मासे विकणारी दारात आली की मामी आमच्यासाठी बांगडे घेते आणि डोकी-काटे वेगळे ठेवते. ते उकळून त्या भातात कालवायचे. तिच्या पायाशी मांजर घुटमळत असते. ते कुणी आणलेले नाही, आपणहून आले आणि राहिले. दर चार दिवसांनी माशांच्या पेटीतले पाणी उपसायचे आणि विहिरीचे ताजे पाणी भरायचे. गुरुवारी भजनाच्या पंधरा माणसांचा चहा आणि उसळ. एके रात्री साडेनऊला मामा नदीवरून चार शेवटे घेऊन मोठ्या आनंदात आला. ओट्यावर ठेवले, आंघोळ केली आणि मला ते गळाला कसे लागले याची हकीकत सांगत बसला. हकीकत रंगतदार होती. तेवढ्या वेळात पाठीमागच्या दारी बॅटरीच्या उजेडात मामी त्या माशांचे खवले काढीत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला सहज विचारले, "मामी, तुला कसला छंद आहे गं?" ती हसली. म्हणाली, "मला कसला रे छंद? माझे आपले काम."

वस्तुतः मामीच्या परसात अबोलीची आणि मोगऱ्याची झाडे आहेत. अबोलीचे वळेसर ती इतके सुरेख करते की चतुर्थीला शेजारच्या बायका मागायला येतात. काकडी, दोडका, भेंडी, वाल यांचे बियाणे ती राखेत घोळवून वर्षानुवर्षे जपून ठेवते आणि कोणते बी कुणाच्या घरून आले, हे तिला तोंडपाठ आहे. हेच एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याने केले असते, तर आपण त्याला बागकामाचा छंद म्हटले असते. मामा मासे पकडतो. ते मासे घरात खाल्ले जातात, तरी तो छंद. मामी भाजी पिकवते; ती भाजी घरात खाल्ली जाते, म्हणून ते काम. हा न्याय कुठला? माझा या लेखाचा सारा वाद या एका ठिकाणी आहे. घरातल्या कुणाच्या वेळेला छंद म्हणायचे आणि कुणाच्या वेळेला काम, हे ती गोष्ट काय आहे यावरून ठरत नाही. ती कोण करतो यावरून ठरते.

हा माझ्या मामाच्या घरापुरता प्रश्न असता, तर मी तो नियतकालिकात मांडला नसता. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी करून माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, हे नोंदवले. त्या पाहणीच्या दिवशी आपल्या घरच्यांसाठी बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ८१ होते, पुरुषांचे शेकडा २६. जी माणसे हे काम करीत होती, त्यांतल्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती; पुरुषांची ९७. या आकड्यांपेक्षाही मला त्या पाहणीची वर्गवारी अधिक बोलकी वाटली. तिच्यात पाळीव प्राण्यांची रोजची देखभाल घरकामाच्या सदरात येते आणि छंद विरंगुळ्याच्या सदरात येतात. म्हणजे कुत्रा एकच. मामा त्याच्याशी अंगणात खेळला तर तो विरंगुळा आणि मामीने त्याच्यासाठी भात शिजवला तर ते घरकाम. सरकारी कारकुनाला जे कळते, ते आपल्याला आपल्या घरात कळू नये, याचे नवल वाटते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मामीलाही त्या कुत्र्यांची माया आहे. आहेच. थोरला कुत्रा आजारी पडला, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. पण माया असणे वेगळे आणि मायेचा सगळा भार एकीच्याच डोक्यावर असणे वेगळे. आईला मुलांची माया असते म्हणून बापाने मुलाकडे पाहू नये, असे आज कुणी म्हणणार नाही. दुसरा आक्षेप अधिक जुना आहे: संसारात हिशेब करू नये. हिशेब करू नये हे बहुधा ज्याच्याकडे येणे निघते त्याने म्हणायचे असते. देणेकऱ्याने ते म्हणणे शोभत नाही. पु. ल. देशपांडे काही काळ आपल्या बेळगावात राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत होते, याचा आपल्याला अभिमान आहे. त्यांच्या 'पाळीव प्राणी'ने आपण सगळे पोट धरधरून हसलो आहोत. त्यांच्या घरातले कष्ट कोण उपसत होते, हे सुनीताबाईंनी १९९० साली 'आहे मनोहर तरी'मध्ये लिहिले, तेव्हा पुष्कळांना ते रुचले नाही. पण त्यांच्या संसारातले प्रेम त्या हिशेबाने खोटे ठरले नाही. हिशेब आणि प्रेम एका घरात नांदू शकतात, एवढेच त्यातून दिसले.

आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. हौस एकाची आणि उस्तवार दुसऱ्याची झाली की, मुक्या जनावरालाही त्याचे मोल द्यावे लागते. मामाचे कुत्रे दिवसाचा बराचसा वेळ साखळीला असत. मामीला त्यांना फिरवायला सवड नाही आणि मामाला ते आपले काम वाटत नाही. सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे किती जणांना माहीत असेल? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाही. तरी त्याची हौस अजून सुटलेली नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. 'मिशन रेबीज' ही संस्था आणि गोवा सरकार यांनी गेल्या दशकात गावोगाव फिरून दरवर्षी हजारो कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवले आणि २०२१ साली गोवा हे रेबीज आटोक्यात आणणारे देशातले पहिले राज्य म्हणून जाहीर झाले. हे यश मोहिमेचे आहेच. पण लस टोचणारे दारात आले, तेव्हा घरचा कुत्रा कुणीतरी धरून उभे राहिले असणार. पाळणे म्हणतात ते याला.

'पाळणे' हा आपल्या भाषेतला शब्द पाहा. आपण कुत्रा पाळतो, तसेच वचन पाळतो, वेळ पाळतो, नेम पाळतो. कुत्रा विकत आणणे म्हणजे पाळणे नव्हे. जो त्याची वेळ पाळतो, तो त्याला पाळतो. या अर्थाने मामाने एकही जनावर पाळलेले नाही.

आता दुसरे घर. ते पेडणे तालुक्यात, मावशीचे. काका प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. मुले नोकरीसाठी बाहेर, घरात दोघेच. सोबतीला एक कुत्रा आणि तीन मांजरे. काकांना दशावताराचे वेड. जत्रांचे दिवस सुरू झाले की रात्र रात्र बाहेर काढतात आणि सकाळी येऊन मावशीला नारदाचे भाषण साभिनय ऐकवतात. मावशी बायकांच्या भजनी पथकात गाते. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत महिलांचा वेगळा गट असतो. त्याच्या तालमी सुरू झाल्या की आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ती घरात नसते. त्या दिवशी काका स्वतःचे पान स्वतः वाढून घेतात आणि तिचे झाकून ठेवतात.

कुत्र्याचा भात मात्र बाराही महिने काकांकडे. त्यासाठी पडवीत वेगळी चूल आणि वेगळा टोप आहे. टोपही तेच घासतात. हे सगळे कुठल्या तत्त्वज्ञानाने झाले असेल असे मला वाटले होते. पण तसे काही नव्हते. एका पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून मावशी घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. दीड महिना हात गळ्यात होता. पहिले आठ दिवस काकांनी शेजाऱ्यांचा आधार घेतला, नंतर लाजेकाजेने चूल पेटवली. प्लास्टर निघाल्यावर मावशीने स्वयंपाकघर परत घेतले. कुत्रा घेतला नाही. म्हणाली, "माझा हात बरा झाला, पण कुत्रा तुमच्याचकडे बरा आहे." काका ही गोष्ट आता स्वतःच हसत हसत सांगतात. तो कुत्रा रोज सकाळी त्यांच्याबरोबर देवळापर्यंत जाऊन येतो आणि साखळी खुंटीला लटकलेली असते. ज्या घरात दोघांच्याही हौशीला जागा आहे, तिथे जनावरसुद्धा मोकळे असते, हे मी त्या अंगणात पाहिले.

मी हे सारे मामाला सांगितले, तेव्हा तो रागावला. "दोन पुस्तके शिकलास म्हणून मला शिकवू नकोस," म्हणाला. दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. गेल्या खेपेस गेलो, तेव्हा माशांची काचेची पेटी घरात नव्हती. ती त्याने कुणाला तरी देऊन टाकली होती. सकाळी कुत्र्यांना तो फिरवून आणतो. भात अजून मामीच शिजवते आणि शेवट्यांचे खवलेही तीच काढते. बदल एवढाच, आणि तोही सावकाश. पण झाला आहे.

आपण विद्यार्थी उद्या आपापली घरे मांडणार. बहुतेक घरांत दोघेही नोकरी करतील, दोघांचेही छंद असतील आणि कुणीतरी एके दिवशी पिशवीत घालून कुत्र्याचे पिल्लू आणील. ते जरूर आणावे. जनावराच्या सोबतीने घर जिवंत राहते आणि एकमेकांशी बोलण्याचे विषय संपलेल्या नवरा-बायकोलाही ते बोलायला लावते. फक्त पिल्लू उंबऱ्याच्या आत घेण्यापूर्वी दोघांनी बसून ठरवावे की सकाळचा भात कुणाचा, लसीची तारीख कुणाची, आणि ज्या संध्याकाळी तिची तालीम असेल त्या संध्याकाळी घर कुणाचे.

आपल्याच नियतकालिकाच्या कन्नड विभागातल्या एका मित्राने मला सांगितले की, त्यांच्या भाषेत 'साकु' म्हणजे पाळणे आणि 'साकु' म्हणजेच पुरे. पाळीव प्राण्याला ते साकुप्राणी म्हणतात. दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध आहे की नाही, हे भाषेच्या प्राध्यापकांनी सांगावे. मला मात्र तो शब्द ऐकल्यावर पाठीमागच्या दारी बॅटरीच्या उजेडात खवले काढणारी मामी आठवली. तिने अजून 'पुरे' म्हटलेले नाही. ते तिला म्हणावे लागू नये, एवढे तरी आपण पाहावे.